जुनं गाणं, नवा बँड आणि तोंडावर आलेला सण

सणासाठी एखादं ओळखीचं गाणं नव्या ढंगात गायचं (म्हणजेच त्याचं कव्हर करायचं) आणि सिंगल म्हणून, एकटंच, बाजारात आणायचं, असं अनेक तरुण बँडच्या मनात आहे. या अंकात त्याच विषयावरचे प्रश्न घेतले आहेत. जिथे प्रश्न एकसारखे होते तिथे उत्तर एकत्र दिलं आहे.

प्रश्न : आम्ही नाशिकचे पाच जण, वयं १५ ते १९. गणपतीत एक जुनं भक्तिगीत आमच्या पद्धतीनं गाऊन सगळ्या ॲपवर टाकायचं आहे. गाणं जुनं असल्यामुळे परवानगी लागत नाही, असं एक जण म्हणतो. खरं आहे का?

बहुतेक वेळा नाही. एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तिघांची मुदत वेगवेगळी मोजावी लागते आणि गोंधळ इथेच होतो. भारतात शब्द आणि चाल यांवरचा हक्क कवी किंवा संगीतकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. ही ६० वर्षं निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं मात्र ते प्रसिद्ध झाल्यानंतरच्या १ जानेवारीपासून धरतात.

उदाहरणं घेऊ. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, म्हणून त्यांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सुधीर फडके २००२ साली गेले. त्यांच्या चाली २०६२ अखेरपर्यंत. भा. रा. तांबे १९४१ साली गेले, त्यामुळे त्यांचे शब्द २००१ नंतर मोकळे झाले. बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली पुस्तकरूपानं आली. निधनोत्तर साहित्याची मुदत प्रकाशनापासून मोजतात, म्हणून ती २०१२ अखेर संपली. पण सावध राहा. तांब्यांच्या किंवा बहिणाबाईंच्या शब्दांना पुढे ज्यांनी चाली लावल्या, त्या संगीतकारांचे हक्क अजून चालू असू शकतात. शब्द मोकळे आणि चाल बांधलेली, ही स्थिती मराठीत फार वेळा येते. अशा वेळी सरळ नवी चाल लावा. ते कव्हर राहत नाही, पण गाणं पूर्ण तुमचं होतं.

याच्या उलट फसगतही होते. १९६० साली निघालेली तबकडी २०२० अखेर मोकळी झाली, म्हणून गाणंही मोकळं झालं असं समजू नका. मोकळं झालं ते फक्त ते ध्वनिमुद्रण.

आरत्यांचं तुलनेनं सोपं आहे. समर्थ रामदासांचे शब्द सतराव्या शतकातले, त्यांवर कुणाचा हक्क नाही. घरोघरी म्हटली जाणारी पारंपरिक चालही मोकळी. मात्र एखाद्या गाजलेल्या ध्वनिमुद्रणातले मधले वाद्यवृंदाचे तुकडे, सुरुवातीची बासरी किंवा कोरसच्या जागा उचलू नका. ते कुणाचं तरी काम आहे. त्या मुद्रणाचा तुकडा कापून वापरणं तर पूर्णच वर्ज्य.

आता ज्या गाण्याचे हक्क चालू आहेत त्याचं पाहू. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१सीमध्ये कव्हरसाठी वैधानिक परवान्याची सोय आहे. मूळ मुद्रण झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून पाच वर्षं उलटलेली असावी लागतात. गाणं करण्याआधी किमान १५ दिवस हक्कदाराला आणि कॉपीराइट निबंधकांना सूचना द्यायची, वेष्टनाचा किंवा लेबलचा नमुना पाठवायचा, रॉयल्टी आगाऊ भरायची. मूळ गायकाचं नाव किंवा चित्र वापरायचं नाही आणि हे कव्हर आहे असं स्पष्ट छापायचं. शब्दांत किंवा चालीत तांत्रिक गरजेपलीकडे बदल करता येत नाही. रॉयल्टी दर वर्षी किमान ५०,००० प्रतींची धरतात. एखाद्या भाषेसाठी किंवा बोलीसाठी हा आकडा कमी करण्याचा अधिकार कायद्यानं दिलेला आहे. शिवाय त्या गाण्याचं शेवटचं मुद्रण ज्या माध्यमात निघालं त्याच माध्यमात कव्हर काढायचं, अशीही अट आहे; ते माध्यम बाजारातून गेलेलं असेल तरच ती सुटते. ही सगळी रचना कॅसेट-सीडीच्या काळातल्या व्यापाराला धरून आहे. पाच पोरांच्या बँडनं ॲपवर टाकायच्या एका गाण्यासाठी तिच्या भरवशावर राहू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. लेखी परवानगी घ्या.

ती कशी? आधी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेच्या यादीत गाणं शोधून गीतकार, संगीतकार आणि प्रकाशक यांची नावं पक्की करा. चित्रपटातलं किंवा मोठ्या कंपनीच्या ध्वनिफितीतलं गाणं असेल तर शब्द-चालीचे हक्कही बऱ्याचदा त्या कंपनीकडेच असतात. पत्र एका पानाचं पुरे, पण त्यात या गोष्टी हव्यातच: गाण्याचं नाव, गीतकार-संगीतकार, मूळ मुद्रणाचं साल, तुमच्या गाण्याची लांबी, शब्द तसेच ठेवणार की एखादं कडवं गाळणार, फक्त ऑडिओ की व्हिडिओही, कोणत्या देशांत, किती काळ, आणि त्यातून पैसे मिळवणार की नाही. "कव्हर करू का?" एवढंच विचारणाऱ्या पत्राला उत्तर येत नाही, कारण वाचणाऱ्याला नेमकं कशाला हो म्हणायचं तेच कळत नाही. उत्तराला सहा आठवडे लागतील असं धरून चाला आणि लेखी होकार हातात पडेपर्यंत स्टुडिओ बुक करू नका.

प्रश्न : मंडळाच्या मांडवात आम्ही हीच गाणी दर वर्षी गातो, तेव्हा कुणी काही विचारत नाही. मग ऑनलाइनच का? (सांगली)

खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीच्या ओघात गाणं सादर केलं तर कायद्यानं सूट आहे. कलम ५२मध्ये ती दिली आहे. मांडवातली आरती तिच्यात बसते. त्याच मांडवात रात्री प्रायोजक घेऊन केलेला ऑर्केस्ट्रा बसेलच असं नाही. आणि मुद्रण करून ॲपवर टाकणं हे सादरीकरण नव्हे, ती नवी प्रत आहे. तिला ही सूट लागू नाही.

प्रश्न : आमच्यात तीन मुली आणि दोन मुलगे. मुलींना काळी चार बरी पडते, मुलांना काळी एक. मधली पट्टी घेतली तर कुणालाच गाता येत नाही. काय करावं? (कोल्हापूर)

मधली पट्टी सोडा. (काळी एक, काळी चार म्हणजे पेटीवरच्या ज्या काळ्या पट्टीला 'सा' म्हणजे षड्ज धरायचा ती.) काळी तीनवर मुलांचा तार षड्ज ओरडून लागतो आणि एक सप्तक खाली उतरले तर आवाज नाहीसा होतो. दोन्ही पट्ट्या ठेवा आणि एकीतून दुसरीत जायची वाट बांधा. तुमच्या बाबतीत ती आयतीच आहे: काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चार. मुलांचा अंतरा त्यांच्या पंचमावर आणून थांबवा, तो स्वर दोन-तीन आवर्तनं धरून ठेवा आणि त्याच स्वराला षड्ज मानून मुलींनी ध्रुवपद उचलावं. मागे तानपुरा किंवा सिंथचा पॅड काळी एक आणि काळी चार या दोन स्वरांवरच ठेवला तर त्याला हात लावायची गरज नाही. मुलांसाठी तो षड्ज-पंचम असतो आणि मुलींसाठी षड्ज-मध्यम. ऐकणाऱ्याला पट्टी बदलल्याचा धक्का बसत नाही, उलट गाणं वर चढल्याचा आनंद होतो.

ध्रुवपद पाचही जणांना एकत्र गायचं असेल तर ते मुलींच्या पट्टीत घ्या आणि मुलांना खालची स्वतंत्र ओळ द्या. तीच ओळ एक सप्तक खाली गायला लावू नका. ती गढूळ ऐकू येते.

मुलग्यांपैकी कुणी १३-१४ वर्षांचा असेल तर आणखी एक काळजी. फुटता आवाज महिन्या-दोन महिन्यांत उतरतो. एप्रिलमध्ये ठरवलेली पट्टी जूनमध्ये चालेलच असं नाही. त्याच्या ओळींचा ट्रॅक दोन स्वर खाली आणि दोन स्वर वर असा तयार ठेवा आणि मुद्रणाच्या आठवड्यात त्याच्याकडून गाऊन घेऊन पट्टी ठरवा. गाऊन झाल्यावर सॉफ्टवेअरनं आवाज वर चढवायचा विचार नको. दीड-दोन स्वरांपलीकडे नेला की 'आ' आणि 'ए' बदलतात आणि आवाज खोटा वाटतो. फुटत्या आवाजाला तार सप्तकात ताणायला लावणं तर त्या मुलाच्या गळ्यावर अन्याय आहे. ओळ दुसऱ्याला द्या.

प्रश्न : परदेशातले तरुण पॉप गट नाताळला नवं गाणं न करता जुनंच का गातात? गोव्यातल्या आमच्या गटात यावरून रोज वाद होतो. (मडगाव)

कारण हंगाम फार छोटा असतो. नव्या गाण्याची लोकांशी ओळख व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात नाताळ संपलेला असतो. जुन्या गाण्याची ओळख आधीच झालेली असते. ऐकणारा फक्त "यांनी काय केलं" एवढंच पाहतो.

या प्रकारातलं आमच्या मते सर्वांत शिकण्यासारखं उदाहरण मायकेल जॅक्सन आणि त्याच्या भावांच्या जॅक्सन ५ या अमेरिकन गटाचं आहे. १९७० साली या भावंडांची चार गाणी ओळीनं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात मोटाउन या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीनं त्यांचा नाताळचा अल्बम आणला. त्यातलं सिंगल म्हणून निघालेलं 'सांता क्लॉज इज कमिन टू टाउन' हे गाणं १९३४ सालचं, म्हणजे तेव्हाच ३६ वर्षांचं होतं. मुख्य आवाज मायकेलचा, वय १२. मूळ चाल कुणालाही ओळखता येते. बदललं ते तिच्या भोवतीचं: मोटाउनची बेस गिटार आणि ड्रम पुढे आले, भावांनी मागून सवाल-जवाबासारख्या ओळी टाकल्या आणि तापत जाणारा शेवट आला. एक गोष्ट जोरात बदलायची आणि बाकीच्यांना हात लावायचा नाही, हे सूत्र त्यातून घ्या. चाल, लय, शब्द आणि वाद्यं सगळंच बदललं तर ओळखीचा फायदाच जातो.

दुसरी वाट बोनी एम या पॉप गटानं १९७८ साली धरली. 'मेरीज बॉय चाइल्ड' हे गाणं १९५७ साली हॅरी बेलाफोंटेच्या आवाजात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं होतं. बोनी एमनी त्याला 'ओ माय लॉर्ड' हा स्वतःचा नवा भाग जोडला आणि त्या नाताळात गाणं पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेलं. नवा भाग जोडल्यामुळे तो लिहिणाऱ्यांची नावंही श्रेयात आली. पण जुन्या गाण्याचे हक्क चालू असतील तर अशी जोड मूळ हक्कदाराच्या संमतीशिवाय देता येत नाही. तुम्ही मोकळं पारंपरिक गाणं घेतलंत तर ही वाट तुम्हालाही खुली आहे, आणि आम्ही तीच सुचवू.

प्रश्न : वसईत आमच्या तरुण मंडळाला 'सायलेंट नाइट' मराठीत गाऊन सिंगल काढायचं आहे. शब्द बसवताना ते ओढूनताणून वाटतात. ताल कोणता घ्यावा? (वसई)

निवड चांगली आहे. जोसेफ मोहरचे जर्मन शब्द १८१६ सालचे, फ्रान्झ ग्रूबरची चाल १८१८ सालची. ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला ते पहिल्यांदा गायलं गेलं, तेही गिटारच्या साथीनं. हक्कांचा प्रश्न मूळ गाण्याला नाही. 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातून किंवा आणखी कुठून तयार मराठी अनुवाद घेणार असाल तर अनुवादकाचे हक्क पाहा. अनुवाद ही स्वतंत्र रचना असते.

शब्द ओढल्यासारखे का वाटतात ते चालीत पाहा. पहिल्या तुकड्याचे स्वर 'प ध प ग' असे आहेत. पहिला प लांब, ध अगदी छोटा, दुसरा प मध्यम आणि ग सर्वांत लांब. लांब स्वरावर गुरू अक्षर हवं. 'शांत रात' बसतं: 'शां' प-धवर, 'त' दुसऱ्या पवर, 'रात' गवर. पुढचा तुकडा पुन्हा त्याच स्वरांचा. तिथे 'पवित्र रात' घातलंत तर 'प' हे लघु अक्षर लांब स्वरावर येतं आणि ऐकणाऱ्याला 'पाऽवित्र' ऐकू येतं. तुम्हाला खटकतंय ते हेच. 'मंगल रात' म्हणून पाहा: 'मं' लांब पवर, 'ग' छोट्या धवर, 'ल' पवर, 'रात' गवर. अर्थाची छटा थोडी बदलते, पण एकही अक्षर ताणावं लागत नाही. सगळं गाणं असंच, लांब स्वर आधी खुणा करून आणि मग शब्द शोधून लिहा. आधी सुंदर ओळ लिहून नंतर ती चालीत कोंबू नका.

ताल दादरा. चाल मुळातच सहाच्या चलनाची आहे. बँड तरुण असला की कुणीतरी केरवा किंवा सरळ चारचा बीट लावून पाहतो. मग लांब स्वर तोडावे लागतात आणि गाण्याचा झोकाच जातो. आधुनिक वाटायला हवं असेल तर दादऱ्याच्या पहिल्या मात्रेवर खोल किक आणि चौथीवर हलकी टाळी, एवढं पुरतं.

पट्टीचं सांगायचं तर या चालीत सर्वांत खाली षड्ज आणि सर्वांत वर तार मध्यम लागतो, तोही अखेरच्या ओळीच्या जरा आधी, सगळे थकलेले असताना. मुलींसाठी पांढरी सहा घ्या. काळी पाच घेतली तर सुरुवात छान होते आणि त्या तार मध्यमाशी निम्मे आवाज चिरकतात. तालमीत तीच ओळ आधी गाऊन पट्टी ठरवा.

प्रश्न : आरतीचं कव्हर करताना लय वाढवली तर शब्द कळत नाहीत, नाही वाढवली तर पॉप वाटत नाही. शिवाय ढोल-ताशा मुद्रित केला की सगळा फुटतो. (पुणे, पिंपरी आणि ठाण्याहून तीन पत्रं)

लय शब्दांची ठेवा, दुप्पट करा ती ठेक्याची. आरतीत 'कर्ता', 'हर्ता', 'वार्ता' अशी जोडाक्षरं सलग येतात. प्रत्येक रफाराला जिभेला वेळ लागतो. मेट्रोनोमवर ८०च्या आसपास आरामात म्हणता येणारी आरती १२०वर नेली की रफार गळतात आणि 'कता, हता' ऐकू येतं. ८०वरच ठेवा आणि हाय-हॅट, शेकर किंवा ताशाची काडी १६०च्या चालीनं फिरू द्या. कान वेग धरतो, शब्द जागच्या जागी राहतात.

ढोल-ताशाबद्दल. छोट्या स्टुडिओत १२ ढोल उभे करू नका. भिंतींवरून परतणारा आवाज मिसळून नुसता गोंगाट उरतो. दोन ढोल आणि एक ताशा घ्या, मोकळ्या हॉलमध्ये किंवा उंच छताच्या गोदामात. माइक ढोलांपासून अडीच-तीन मीटर लांब, कंबरेच्या उंचीवर. ताशासाठी वेगळा माइक, दीड मीटरवर आणि थोडा तिरका. सरळ कातड्याच्या समोर नको. तेच वादन चार वेळा, वादकांच्या जागा बदलून मुद्रित करा आणि एकावर एक ठेवा. आठ ढोलांचा पल्ला मिळतो आणि प्रत्येक ठोका स्वच्छ राहतो.

फुटण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: पातळी तपासताना वादक निम्म्या जोरानं वाजवतात आणि खऱ्या टेकला पूर्ण जोर लावतात. त्यांना शेवटचा चढता तुकडा पूर्ण ताकदीनं वाजवायला सांगा आणि तेव्हा मीटर उणे १० ते उणे १२ डीबीएफएसच्या (मीटरवरचे आकडे, शून्याला आवाज फुटतो) वर जाणार नाही असा गेन, म्हणजे माइकची पातळी, लावा. २४ बिटमध्ये मुद्रण करत असाल तर एवढी मोकळी जागा ठेवून काहीही गमावत नाही. एकदा मुद्रणातच फुटलेला ताशा पुढे कुणालाही दुरुस्त करता येत नाही.

आणखी एक. पथकाला लय चढवायची सवय असते आणि रस्त्यावर त्यातच मजा आहे. मुद्रणात मात्र सगळ्यांच्या कानात मेट्रोनोमची क्लिक हवी, तीही कान पूर्ण झाकणाऱ्या हेडफोनमधून. साध्या इअरफोनमध्ये ढोलापुढे क्लिक ऐकूच येत नाही.

मिक्स करताना ढोलाचा घुमारा आणि बेस गिटार ६० ते १०० हर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांना दाबतात. दोघांपैकी एकालाच तिथे राहू द्या. आरतीत आम्ही ढोलाला ठेवू. ताशा २ ते ५ किलोहर्ट्झमध्ये ऐकू येतो आणि शब्दांची व्यंजनंही तिथेच असतात, म्हणून गाणं चालू असताना ताशा दोन-तीन डीबी खाली घ्या. कोरसमध्ये 'स' आणि 'श' एकानंच स्पष्ट म्हणावा, बाकीच्यांनी हलकेच सोडावा, नाहीतर पाच जणांचे पाच 'स' वेगवेगळ्या क्षणी फुसकारतात. अंतिम फाइल फार जोरात करण्याचा हट्ट नको. स्पॉटिफाय प्रत्येक गाणं साधारण उणे १४ एलयूएफएसला (हे सरासरी जोराचं माप) आणून वाजवतं. तुम्ही उणे ७ला दाबून दिलंत तर तो आवाज खाली येतो आणि चेपलेपण तेवढं उरतं. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत वरचं टोक, उणे १ डीबीच्या खाली ठेवा.

प्रश्न : गाणं किती आधी द्यावं लागतं? गेल्या वर्षी आमचं गाणं विसर्जनानंतर ॲपवर दिसलं. (सातारा)

सणाच्या तारखेपासून उलटं मोजा. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे ती १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे. गाणं निदान तीन आठवडे आधी, म्हणजे शुक्रवारी २१ ऑगस्टला बाहेर यावं, कारण रील करणारे आणि मंडळांचे साउंडवाले गाणी आधीच निवडून ठेवतात. गाणी ॲपवर पोहोचवणाऱ्या वितरकाला फाइल त्याच्या चार आठवडे आधी, २४ जुलैला. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी त्यांच्या कलाकार-खात्यातून सुचवावं लागतं आणि त्यासाठी गाणं तोवर वितरकाकडून तिथे पोहोचलेलं असावं लागतं. म्हणजे मिक्स १५ जुलैपर्यंत, गायन जूनअखेर, परवानगीचं पत्र एप्रिलमध्ये. नाताळचं गाणं बाहेर यायला २० नोव्हेंबरचा शुक्रवार धरा.

उशीर होतो तो बहुधा गाण्यामुळे नाही, फाइल परत आल्यामुळे. परत येण्याची कारणं ठरलेली: मुखपृष्ठ ३००० × ३००० पिक्सेलपेक्षा लहान, मुखपृष्ठावर इन्स्टाग्रामचा पत्ता किंवा फोन नंबर, गाण्याच्या नावात मूळ गायकाचं नाव, गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात बँडचंच नाव. पारंपरिक आरती असेल तर तिथे 'पारंपरिक' लिहा, रामदासांच्या नावापुढे तुमचं नाव जोडू नका. भाषा 'मराठी' निवडायला विसरू नका. अनेक जण सवयीनं हिंदी निवडतात आणि गाणं चुकीच्या यादीत जातं.

प्रश्न : न्यू जर्सीतल्या आमच्या मुलांच्या बँडला एक इंग्रजी नाताळगीत मराठी शब्दांत करायचं आहे. अमेरिकेत कव्हरला परवानगी आपोआप मिळते, असं ऐकलं.

अर्धं खरं. अमेरिकेत एकदा प्रसिद्ध झालेल्या गाण्याचं ऑडिओ कव्हर कायद्याच्या कलम ११५खाली ठरावीक दर भरून करता येतं, मालकाची संमती लागत नाही. पाच मिनिटांपर्यंतच्या गाण्याला २०२५ साली प्रत्येक डाउनलोड किंवा सीडीमागे १२.७ सेंट असा दर होता. म्हणजे ५०० प्रतींना साडेत्रेसष्ट डॉलर. स्ट्रीमिंगसाठीचा हा हिस्सा ॲप स्वतः भरतात. पण हा परवाना तुम्हाला गाण्याचा बाज तुमच्या ढंगात बसवू देतो, मूळ रूप बदलू देत नाही. मराठी शब्द घालणं म्हणजे नवी रचना, आणि तिला प्रकाशकाची लेखी संमती लागते. ती विद्यार्थ्यांच्या बँडला सहज मिळत नाही. म्हणून हक्क संपलेलं गाणं निवडा. 'जिंगल बेल्स' १८५७ सालचं आहे. वर उल्लेख केलेलं १९३४चं गाणं मात्र अमेरिकेत २०३० उजाडेपर्यंत बांधलेलं आहे.

प्रश्न : परवानगी घेऊनही आमच्या व्हिडिओवर यूट्यूबचा क्लेम आला. (छत्रपती संभाजीनगर)

दोन गोष्टी तपासा. ऑडिओची परवानगी व्हिडिओला लागू होत नाही; चित्रांबरोबर गाणं जोडण्याची संमती वेगळी मागावी लागते आणि पत्रात ती स्पष्ट लिहिलेली हवी. दुसरं, मागचा ट्रॅक कुठला? बाजारातला कराओके ट्रॅक हेही कुणाचं तरी ध्वनिमुद्रण असतं आणि क्लेम बऱ्याचदा त्याचाच असतो. क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे. क्लेममध्ये बहुधा जाहिरातीचे पैसे दुसरीकडे जातात. स्ट्राइक म्हणजे व्हिडिओ काढायला लावणारी कॉपीराइटची तक्रार; ते तीन झाले, ९० दिवसांच्या आत, तर चॅनलच बंद होऊ शकतं. परवानगीचं पत्र जोडून क्लेमला हरकत घ्या, व्हिडिओ काढून पुन्हा चढवू नका. आणि रॉयल्टी-फ्री लूप वापरला असेल तर स्वतःच्या गाण्याची कंटेंट आयडीत (यूट्यूबच्या आपोआप गाणी ओळखून क्लेम लावणाऱ्या यंत्रणेत) नोंद करू नका. तोच लूप वापरणाऱ्या दुसऱ्या मुलांवर तुमच्याकडून खोटे क्लेम जातील.

प्रश्न : बँडमधले तिघं अठराच्या आतले आहेत. पैशाचं आणि हक्कांचं कसं लिहावं? (जळगाव)

अठरा वर्षांखालच्या मुलानं केलेला करार भारतात रद्दबातल ठरतो, म्हणून वितरकाच्या खात्यावर आणि आपसातल्या कागदावर पालकांच्या सह्या हव्यात. कायद्याच्या दृष्टीनं ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्यात पुढाकार घेणारा आणि जबाबदारी उचलणारा. स्टुडिओचे पैसे एकाच्या वडिलांनी भरले आणि कागद केला नाही, तर मालक कोण यावरून पुढे भांडण ठरलेलं.

कागद दोन पानांचा पुरे. ध्वनिमुद्रणात प्रत्येकाचा वाटा किती टक्के. वाट्यांच्या आधी कुणाचा कोणता खर्च वळता होणार. हक्कदाराला द्यायची रक्कम कोण भरणार. खातं कुणाच्या नावावर आणि हिशेब किती महिन्यांनी दाखवायचा. कव्हरमध्ये शब्द-चालीचा वाटा तुमचा नाही, तेव्हा तो कागदावर वाटून घेऊ नका. एखादा शिकायला बाहेरगावी गेला तर आधीच्या गाण्यातला त्याचा हिस्सा चालू राहणार का आणि बँडचं नाव कुणाकडे राहणार, हेही लिहा. सह्या पहिल्या टेकच्या आधी घ्या.